वीस फुटी प्लॉटवर आभाळविहीर: मलाक्काच्या चिनी घरांतला चौक नागपुरात कसा बांधायचा

महाल, इतवारी, बुधवारी या जुन्या वस्तीत घर बांधायला काढलं की जागा बहुतेक एकाच मापाची निघते. समोरून १८ ते २० फूट, आत ५० ते ६० फूट, आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. उजेड-वारा येणार तो फक्त पुढून आणि मागून. मधल्या खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट जळते. कूलर लावला की घर दमट होतं, बंद केला की तापतं. जुन्या वाड्यांना मध्ये चौक होते. पुढे वाटण्या झाल्या आणि चौकावर स्लॅब पडला.

मलेशियात मलाक्का आणि पेनांगच्या जॉर्ज टाउनमध्ये चिनी स्थलांतरितांनी बांधलेल्या पेठा रुंदीनं याच मापाच्या आहेत. घर साधारण ६ मीटर रुंद, आत ३० मीटर लांब, कुठे त्याहून जास्त. पुढे दुकान, मागे आणि वर राहणं. तरी आत अंधार नाही, कारण मध्ये एक किंवा दोन ठिकाणी छत तोडून आभाळ आत घेतलेलं आहे. ही रचना नागपुरात उचलण्यासारखी आहे. मात्र तिथला चौक जसाच्या तसा इथे आणला तर मे महिन्यात घराची भट्टी होते. आणायचं ते त्यातलं गणित.

तिकडे ते घर कसं घडलं

मलायातलं मूळ घर लाकडी, खांबांवर उचललेलं, झावळ्यांनी शाकारलेलं. मोकळ्या गावात ते उत्तम, चारी बाजूंनी वारा. दाट पेठेत मात्र एका ठिणगीनं आळी जळते. दक्षिण चीनच्या फुजियान आणि ग्वांगदोंग प्रांतांतून आलेल्या व्यापाऱ्यांनी, सुतारांनी आणि गवंड्यांनी तिथे वीट, मातीचं कवेलू आणि दोन घरांमधली जाड सामाईक भिंत रुजवली. क्वालालंपूरमध्ये १८८१ च्या आगीनंतर ब्रिटिश रेसिडेंट फ्रँक स्वेटनहॅम यांनी वीट-कवेलूच्या बांधकामाचा आग्रह धरला, आणि चिनी समाजाचे प्रमुख, कापितान याप आ लॉय यांनी वीटभट्ट्या उभ्या केल्या. त्या भागाचं नाव आजही ब्रिकफील्ड्स.

या घरांना कैची नसते. तुळया एका सामाईक भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर थेट टेकतात. म्हणून जेवढं लांब सरळ लाकूड मिळेल तेवढीच घराची रुंदी. आपल्या जुन्या घरांतल्या मयाली आठवल्या की हे लगेच कळतं.

मधल्या उघड्या भागाला चिनीत थ्येनचिंग म्हणतात, म्हणजे आभाळाची विहीर. उत्तर चीनमध्ये, पेकिंगकडे, चौक ऐसपैस असतो, कारण तिथे हिवाळ्याचं ऊन हवं असतं. दक्षिणेकडे येता येता तो आकसतो आणि खोल होतो, कारण तिथे ऊन नको, सावली हवी. स्थलांतरित लोक हा दुसरा, आकसलेला चौक घेऊन समुद्रापार गेले. चारही छपरांचा उतार त्यांनी आत ठेवला. पाणी म्हणजे धन आणि ते घरातच पडावं ही त्यामागची श्रद्धा. आपल्याकडे ब्रह्मस्थान मोकळं ठेवा म्हणतात, त्याची इथे आठवण होणारच.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. मलाक्काच्या कंपुंग क्लिंग मशिदीचा मनोरा पॅगोडासारखा दिसतो. आणि चिनी दुकानांच्या दारासमोरून जाणारी सलग छताची वाट इंग्रजी हुकमानं पक्की झाली: १८२२ मध्ये सिंगापूरची आखणी करताना इंग्रज प्रशासक रॅफल्स यांनी प्रत्येक घराला ठरावीक रुंदीची, कायम खुली राहणारी ओसरी सक्तीची केली. मलय भाषेत तिला ‘काकी लिमा’ म्हणतात, पाच फुटी. नागपुरात दुकान काढणार असाल तर समोर पाच फूट छपरी नक्की ठेवा. दुपारचं ऊन शटरवर पडलं नाही तर आतली निम्मी लढाई तिथेच जिंकली.

इथे गणित कुठे उलटतं

मलाक्का विषुववृत्तापासून दोन अंशांवर आहे. वर्षभर दिवसा ३१-३२ अंश, रात्री २३-२४, हवा कायम दमट. दिवस-रात्रीत फरक थोडा, म्हणून तिथे विहीर चोवीस तास उघडी ठेवतात. वारा हलला की घाम वाळतो, एवढंच तिचं काम. नागपुरात मे महिन्यात दुपारी ४५ अंश, हवा कोरडी ठणठणीत, आणि रात्री पारा पंधरा-सोळा अंशांनी खाली. दुपारी विहीर उघडी ठेवली तर लू थेट घरात उतरते. म्हणजे इथे ती रात्री उघडायची आणि दिवसा झाकायची. पावसाळ्यात नागपूरची हवा मलाक्कासारखीच होते, तेव्हा तिकडची रीत चालते. एकाच विहिरीला तीन ऋतूंत तीन तऱ्हा, आणि बांधकाम त्या तिन्हींना पुरेल असं हवं.

दुसरा मुद्दा उन्हाचा. नागपूर २१ अंश उत्तरेला आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, साधारण २६ तारखेला, भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि किरण विहिरीच्या तळापर्यंत पोचतात. डिसेंबरात दुपारी तो ४५ अंशांवर असतो; उत्तर-दक्षिण ८ फूट विहीर असेल तर ऊन उत्तरेच्या भिंतीच्या वरच्या ८ फुटांवरच थांबतं, खाली येत नाही. म्हणजे उन्हाळ्यात नको असताना ऊन मिळतं आणि हिवाळ्यात हवं असताना मिळत नाही. वरची सावली काढता-घालता आली पाहिजे, ती यासाठी.

जागा आणि माप

२०×६० चा प्लॉट घ्या. पुढे-मागे ५-५ फूट मोकळे सोडले तर बांधकाम ५० फूट लांब. विहीर बरोबर मध्ये: २१ फूट खोल्या, ८ फूट विहीर, पुन्हा २१ फूट खोल्या. नियम सोपा ठेवा: घरातला कोणताही कोपरा रस्ता, विहीर किंवा मागचं अंगण यांपैकी एकापासून १२ फुटांपेक्षा लांब नसावा.

दोन्ही बाजूंच्या ९ इंची भिंती वजा केल्या की आत साडेअठरा फूट उरतात. विहीर एका भिंतीला लावा, ९ फूट रुंद. उरलेल्या साडेनऊ फुटांत जिना आणि चार फुटांची ये-जा. विहीर जमेल तर पूर्वेच्या भिंतीला लावा. पश्चिमेच्या भिंतीला लावली तर त्या भिंतीचं आतलं, पूर्वेकडे वळलेलं तोंड सकाळी तापतं आणि दिवसभर उष्णता फेकतं.

८×९ ची विहीर दोन माळ्यांना, म्हणजे २२ फूट उंचीला, बरोबर. तिसरा माळा चढवायचा असेल तर आताच १०×१० करा, नाहीतर तळमजल्यावर उजेड पोचणार नाही. वर खर्च वाचवण्यासाठी विहीर ४×४ ची करणारे खूप आहेत. ती विहीर राहत नाही, डक्ट होते: वारा वळतो, उजेड विरतो आणि खाली कचरा साचतो. नकाशा मंजुरीला देण्याआधी आतल्या चौकाचं किमान माप तुमच्या भागाला काय लागू आहे ते आर्किटेक्टकडून लिहून घ्या. दाट वस्ती आणि नवीन लेआउट यांचे नियम वेगळे असतात.

पाणी: इथेच घरं बिघडतात

समजा दोन बाजूंची छपरं आत उतरतात आणि विहिरीचं तोंड धरून पावसाचं क्षेत्र ३०० चौरस फूट, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर आहे. तासाला १०० मिलिमीटरचा पाऊस कोसळला तर मिनिटाला ४६ लिटर पाणी विहिरीत येतं. ११० मिलिमीटरचा एक पाइप ते सहज नेतो. पण पाइप तुंबला तर? ८×९ चा तळ ६ इंच खोल आहे. २२ मिनिटांत तो काठोकाठ भरतो आणि तेविसाव्या मिनिटाला पाणी बैठकीत. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला त्या रात्री नागपूरनं काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पाहिला, तेव्हा हा हिशेब पुस्तकी समजू नका.

म्हणून निचऱ्याची तोंडं दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, दोन्ही ११० मिलिमीटरची आणि दोन्ही स्वतंत्र पाइपानं बाहेर. तोंडावर सपाट जाळी नको. एक ओलं पान ती बंद करतं. घुमटाच्या आकाराची, उचलता येणारी जाळी बसवा. तळाला ढाळ ८ फुटांत दीड इंच. त्याहून कमी दिला तर डबकं राहतं आणि डबकं म्हणजे डेंग्यूचे डास.

चारही छपरं आत उतरवण्याचा मोह टाळा. नागपुरात दोन पुरेत. बाकीचं पाणी पुढे-मागे काढा. छपराच्या कडेला ६ इंची जीआय पत्र्याची पन्हळ, दर १० फुटांना सव्वा इंच उतार. एक बारकावा लोहाराकडून हट्टानं करून घ्या: पन्हळीचा विहिरीकडचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा अर्धा इंच खाली हवा. पन्हळ तुंबली की पाणी विहिरीत सांडेल. उलट झालं तर ते भिंतीत मुरतं, आणि ती ओल कुठून येते ते वर्षभर सापडत नाही.

हे पाणी मलनिस्सारणाच्या लाइनला जोडू नका. खोलगट वस्तीत नाली भरली की तिचं पाणी त्याच पाइपानं उलटं आत येतं. स्वतंत्र चेंबर, त्यात उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, आणि मग रिचार्जचा खड्डा किंवा बोअर. वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं तरी २२ हजार लिटर पाणी जमिनीत जातं.

रिचार्जचा खड्डा मात्र पायापासून लांब, मागच्या अंगणात. कारण काळी माती. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. विहिरीचा तळ झिरपत असेल तर घराच्या मध्यभागची माती फुगते, कडेची तशीच राहते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत दारांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. त्यामुळे पाया मुरुमापर्यंत न्या, विहिरीखालची काळी माती काढून मुरूम भरा आणि थरांत ठोका. मग ४ इंच काँक्रीट, त्यावर वॉटरप्रूफिंग, आणि ते भिंतीवर एक फूट वर चढवलेलं. फरशी बसवण्याआधी दोन्ही तोंडं बंद करून तळात ४ इंच पाणी ४८ तास उभं करा. पातळीवर खडूनं रेघ मारा. उन्हानं थोडं आटेल, पण बोटभर उतरलं तर पुढचं काम थांबवा. विहिरीच्या तळात माती भरून झाडं लावण्याची हौस कुंडीत भागवा.

जोतं रस्त्यापेक्षा किमान अडीच फूट वर. विहिरीचा तळ खोलीपेक्षा ६ इंच खाली असतो आणि सिमेंटचे रस्ते दर खेपेला वर येतात. आज वर असलेला तळ दहा वर्षांनी रस्त्याच्या खाली जाऊ शकतो.

विहिरीचं तोंड

सगळ्यात जास्त चूक इथे होते. पाऊस नको, धूळ नको, कबुतरं नकोत म्हणून तोंडावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा घट्ट बसवतात. ऊन आत येतं, गरम हवा बाहेर जात नाही, आणि वरच्या माळ्यावरची खोली एप्रिलपासून बसण्यालायक राहत नाही.

करायचं असं. गच्चीवर तोंडाभोवती ३ फुटांचा कठडा. त्यावर १२ मिलिमीटरच्या सळयांची ग्रील, मधलं अंतर ४ इंच, एक भाग कुलूप लावून उघडता येणारा, म्हणजे साफसफाईला उतरता येईल. ग्रीलखाली कबुतराची जाळी. ग्रीलच्या वर फूटभर उंचीवर दोन तारा ताणून त्यावर सरकणारी शेडनेट, ७५ टक्के सावलीची. हा मधला फूटभर मोकळा राहिलाच पाहिजे. तापलेली हवा तिथूनच निघते. बांबूचे तट्टे मिळाले तर नेटपेक्षा चांगले, पण वादळाआधी बांधून ठेवावे लागतात. पक्कं छत हवंच असेल तर ते ग्रीलपासून दोन फूट उचला आणि बाजू उघड्या ठेवा.

विहिरीकडे उघडणाऱ्या प्रत्येक खोलीला दोन तोंडं हवीत: खाली दार किंवा खिडकी, आणि वर छताजवळ दोन चौरस फुटांचा झरोका, झडप आणि मच्छरजाळीसह. मलाक्का-पेनांगच्या घरांत खिडकीच्या वर असे झरोके असतात, पुष्कळदा वटवाघळाच्या आकाराचे, कारण चिनीत वटवाघूळ आणि सौभाग्य या शब्दांचा उच्चार एकच. आकार कोणताही द्या, पण झडप विसरू नका. धूळ हा नागपूरचा वेगळा त्रास आहे.

भिंती, चुना, चिनी माती

घर नवीन असेल तर सिमेंटचा गिलावा चालतो. जुन्या वाड्याची मऊ वीट आणि चुन्याची जुडाई असेल तर सिमेंट लावू नका. खालून चढणारी ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतच अडकते. क्षार विटेच्या तोंडाशी साचतात आणि पाच-सहा वर्षांत गिलाव्यासकट विटेची साल निघते. मलाक्कातल्या जुन्या घरांनाही हेच दुखणं जडतं आणि तिथले जाणकारही चुन्याकडेच परततात. प्रमाण: भिजवून किमान तीन आठवडे मुरवलेला चुना १ भाग, धुतलेली चाळलेली रेती ३ भाग. एका थराची जाडी १० मिलिमीटरच्या आत, दोन थरांमध्ये आठवडाभर अंतर. मेमध्ये हे काम काढू नका. लू लागली की चुना पकडण्याआधीच वाळतो आणि हाताला भुकटी येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्याचा काळ. तेव्हाही ओलं गोणपाट लावून सात दिवस पाणी मारा.

विहिरीच्या भिंतींना चुन्याची सफेदी, त्यात चिमूटभर नीळ. पेनांगमधला चिओंग फात त्झे यांचा प्रसिद्ध निळा वाडा नीळ मिसळलेल्या चुन्यानंच रंगवलेला आहे. इतका गडद रंग विहिरीत नको, तो उजेड खातो.

लाकडी मयाली ठेवणार असाल तर त्यांची भिंतीतली टोकं तपासा. टोचा खुपसून पाहा, अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेला तर टोक कुजलेलं आहे किंवा वाळवीनं पोखरलेलं. नवीन टोक बसवताना तिन्ही बाजूंना इंचभर हवा खेळू द्या, चोहोबाजूंनी सिमेंटात पुरू नका. पूर्ण रुंदीला नवीन लाकूड घालायचं तर सागवान फार महाग पडेल. लोखंडी गर्डर घ्या आणि त्याचं माप इंजिनिअरकडून काढा.

गच्चीला फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांची पांढरी फरशी, म्हणजे आपला चायना मोझॅक. फुजियानचे कारागीर देवळांच्या आढ्यावर भांड्यांचे रंगीत तुकडे चुन्यात बसवून ड्रॅगन आणि फुलं घडवतात. आपल्याकडे काम साधं, ऊन परतवण्याचं. विटांच्या कोब्याला १०० ला १ ढाळ, तुकडे दोन-तीन इंचांचे, सांधे पांढऱ्या सिमेंटानं भरलेले. सांधे उघडे राहिले तर पाणी कोब्यात बसतं आणि खाली छत गळतं.

चौक आधीच झाकलेला असेल तर

स्लॅब हातोड्यानं फोडायला लागू नका. कापल्यावर सळया तुटतात आणि उरलेला तुकडा लोंबता राहतो. आधी कडेनं आधाराची बीम, मग कटरनं कापणी, तीही खालून टेकू लावून. सामाईक भिंतीला हात लागणार असेल तर शेजाऱ्यांशी बसून बोला आणि दोन्हीकडच्या भेगांचे फोटो आधी काढून ठेवा. नंतरचे वाद त्यानं टळतात.

चालवायची कशी

मार्च ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत: सकाळी ८ वाजता शेडनेट ओढा, विहिरीकडची खालची दारं-खिडक्या बंद करा. कूलर पुढच्या खिडकीत लावा आणि विहिरीकडचे वरचे झरोके वीतभर उघडे ठेवा. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते. ती नसली तर तासाभरात खोली चिकट होते. सूर्य मावळला की नेट सरकवा, तळाच्या खरबरीत शहाबादीवर बादलीभर पाणी शिंपडा, सगळी दारं उघडा. कोरड्या हवेत ते पाणी भराभर उडतं आणि गारवा देतं. मलाक्काच्या दमट हवेत हा फायदा जवळजवळ मिळत नाही, नागपूरला तो फुकट मिळतो.

पावसाळ्यात नेट काढून ठेवा, झरोके चोवीस तास उघडे. थंडीत दुपारी उघडा, संध्याकाळी बंद करा.

विहीर खरंच ओढते का ते पाहायचं असेल तर उन्हाळ्यात रात्री दहाला पंखे बंद करून पुढच्या खोलीच्या दारात उदबत्ती धरा. धूर विहिरीकडे वाकून वर चढला पाहिजे. सरळ उभा राहिला तर पुढून हवा येत नाही, पुढच्या खिडक्या उघडा. धूर तुमच्याच अंगावर आला तर वरचं तोंड कुठेतरी झाकलेलं आहे. गच्चीवर जाऊन पाहा, बहुतेक नेट ग्रीलवर पडलेली सापडेल.

आणि मृगाच्या आठ दिवस आधी पन्हळी हातानं साफ करा, दोन्ही तोंडांत एक-एक बादली पाणी ओता, आणि ते बाहेरच्या चेंबरमध्ये पडताना डोळ्यांनी पाहा.